मास्तरांची दुसरी तबकडी

आमच्या जयपूरच्या घरमालकांना पहिलं काहीही चालत नसे. मी अतिशयोक्ती करत नाही. अतिशयोक्ती मी पत्रकांत करते आणि तिथे ती लागते. हा माणूस किटलीतला पहिला कप चहा अंगणातल्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतून दुसरा प्यायचा. वर्तमानपत्राचं पहिलं पान उलटून दुसऱ्यापासून वाचायला घ्यायचा. दारावर पहिली थाप पडली तर उठायचाच नाही. ज्याला खरंच काम आहे तो पुन्हा वाजवतो, असं त्यांचं म्हणणं. पोस्टमनला हे माहीत होतं म्हणून तो लागोपाठ दोनदा वाजवायचा. मास्तर ती एकच थाप धरत.

ते गायनमास्तर होते, मूळचे मिरजेकडचे. तरुणपणी इथल्या एका मुलींच्या शाळेत गाणं शिकवायला आले आणि राहिलेच. पुढे पत्नी वारली, नोकरी संपली, आणि तिलक नगरात बांधलेलं घर तेवढं उरलं. खाली ते एकटे, वर आम्ही भाडेकरू. गल्लीतले लोक त्यांना मास्टरजी म्हणत, आम्ही मास्तर. मी युवक मंचाची पत्रकं लिहायची, म्हणून ते मला पुढारीण म्हणत.

वडील विमा कंपनीत. साताऱ्याहून त्यांची बदली झाली, तेव्हा आम्ही हे घर पाहायला गेलो होतो. आईला पसंत पडलं. वडील बोलणी करायला बसले, तर मास्तर म्हणाले की आज तुम्ही नुसतं पाहिलंत, परत या. वडिलांना वाटलं, भाडं वाढवून मागणार. चिडूनच दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्हाला घेऊन गेले. मास्तरांनी आम्हाला पश्चिमेच्या खोलीत नेऊन भिंतीला हात लावायला सांगितला. जयपूरचा मे महिना. भिंत तव्यासारखी तापलेली. "काल सकाळी ही खोली तुम्हाला गोड वाटली होती," मास्तर म्हणाले. "आता बोला." असा घरमालक मी दुसरा पाहिलेला नाही, आणि वडिलांनी ते घर घेतलं ते त्या भिंतीमुळेच.

रविवारी सकाळी इथल्या मराठी लोकांच्या मंडळाच्या हॉलमध्ये ते मराठी मुलांचा गाण्याचा वर्ग घेत. बँकेतल्या, विम्यातल्या, हिशेबखात्यातल्या बदलीवाल्यांची पोरं ती. घरी अर्धं मराठी, गल्लीत पुरं हिंदी, शाळेत इंग्रजी. त्यांना एक सूर मात्र धड लावता यावा एवढीच मास्तरांची अपेक्षा. पोर पहिल्यांदा गाऊ लागलं की मास्तर डोळे मिटून पान जुळवत बसत. संपलं की म्हणत, "झालं? हे आईसाठी होतं. आता गा." आणि मग मात्र मान पुढे काढून असे ऐकत की पोराला घाम फुटावा. दिवसभर घरात एकट्याने काय करायचं हा प्रश्न त्यांना रविवारी पडत नसे. बाकीचे सहा दिवस ते रविवारची तयारी करत.

माझं पहिलं पत्रक निघालं ते आमच्या गल्लीच्या विजेवर. संध्याकाळी सगळ्या कॉलनीचे दिवे लागले की आमचे दिवे काजव्यासारखे व्हायचे. गल्ली तारेच्या शेवटच्या टोकाला, तिथवर करंट दमूनच पोचायचा. मी ते असं काही लिहिलं की वाचणारा प्रत्येक जण वाहवा म्हणाला. करंट होता तिथेच राहिला. मास्तरांनी पत्रक वाचून परत दिलं. चांगलं आहे का, असं मी विचारलं. म्हणाले, "पहिलं आहे. जन्मभर साठवलेलं सगळं यात ओतलंस, चांगलं निघणारच. आता दुसरं पंधरा दिवसांत लिही, मग कळेल तुझ्याकडे काही आहे का." मला इतका राग आला की दोन दिवस मी खाली गेले नाही. गेले तेव्हा त्यांनी चहा दिला. दुसरा कप.

या खुळाचं मूळ मला आईकडून कळलं. आईच्या माहेरी एक जुनी तबकडी होती, चावीच्या फोनोवर वाजवायची. तरुण आवाजातलं एक पद, आणि मागच्या बाजूला आणखी एक. आईने एकदा धीर करून विचारलं, "मास्तर, ती तुमचीच ना?" ते हो म्हणाले. ती तेव्हा घरोघर वाजली होती, हेही म्हणाले. मग दुसरी का नाही काढली, असं आईने विचारल्यावर म्हणाले, काढली होती. कंपनीच्या लोकांनी ऐकली आणि बाजारात आणलीच नाही. एवढंच बोलून ते आईला पडवळाच्या भाजीत हरभऱ्याची डाळ केव्हा घालायची ते विचारू लागले.

आता मुद्द्यावर येते. चीनचं युद्ध होऊन गेलेलं आणि पाकिस्तानचं व्हायचं होतं, त्या दरम्यानचे हे दिवस. इंग्रजीविरुद्ध आमच्या युवक मंचाचं काम जोरात होतं. दुकानांच्या इंग्रजी पाट्यांखाली आम्ही निषेधाचे कागद चिकटवायचो. आणि नेमकं तेव्हाच माझ्याच घराच्या खालच्या मजल्यावरून गोऱ्यांची गिटार ऐकू येऊ लागली.

झालं होतं असं. मास्तरांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानात वाचलं की विलायतेत चार-पाच पोरांचा एक गिटारवाला संच आहे, त्यांची पहिली लाँग प्ले तबकडी धो-धो खपली, आणि वर्षाच्या आत त्यांनी दुसरी काढली ती पहिलीपेक्षाही जास्त खपली. मास्तर त्याच दिवशी मिर्झा इस्माईल रोडवरच्या रेकॉर्डच्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यांना पहिली काढून दाखवली. मास्तर म्हणाले, ही नको. दुकानदार म्हणाला, "मास्टरजी, पहले पहली तो सुन लो।" मास्तर म्हणाले, "वो तुम सुनो।" दुसरी कलकत्त्याहून मागवायला लागली. शिवाय ती वाजवायला विजेवरचं मशीन हवं, तेही त्यांनी जुनं मिळवलं. विजेवरचं ते घरातलं पहिलं मशीन आणि त्यावर वाजणारी ही एकच तबकडी. तिच्यावर इंग्रजी पोरं दात काढून हसत उभी होती, केस कपाळावर. मास्तरांनी कव्हर उलटं करून भिंतीला टेकवलं.

रोज संध्याकाळी दिवे लागले की मास्तर अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, मांडी घालून मशीनपुढे बसत. पायाने ताल धरणं मना. मध्ये बोलणं मना. एकेक गाणं दोन-अडीच मिनिटांचं, आणि प्रत्येक गाणं दोनदा. मला वरून ऐकू येई तो एक जड, ओढलेला, घुमणारा आवाज. जेवण जास्त झालेली माणसं गातायत असा. मास्तरांना मात्र त्यात गांभीर्य ऐकू यायचं. एकदा मी जाब विचारायला गेले तर मलाच बसवून घेतलं. म्हणाले, दोघं गातात ते गुरुबंधू असल्यासारखे गातात, एकमेकांना जागा देतात. गिटारवाला सूर सोडताना घाई करत नाही. या वयाच्या पोरांना एवढा ठहराव कुठून आला? मी म्हटलं, मास्तर, दोनशे वर्षं राज्य केल्यावर कुणालाही ठहराव येतो. त्यांना हे आवडलं. "हे लिही पत्रकात," म्हणाले.

मी लिहिलंच. कारण तोवर त्यांनी गणेशोत्सवात मंडळात व्याख्यान द्यायचं ठरवलं होतं. आदल्या वर्षी त्यांनी नाट्यपदांवर बोलून टाळ्या घेतल्या होत्या. म्हणजे यंदाचं त्यांचं दुसरं, आणि विषय ती दुसरी तबकडी. मंडळाचे चिटणीस हे ऐकून हादरले. ते हिशेबखात्यात मोठे अधिकारी होते आणि घरातही टिपणी लिहिल्यासारखे बोलत. काही पालकांची तक्रार त्यांच्याकडे आलेली होती, की मास्तर वर्गात पोरांना साहेबाच्या गाण्याबद्दल सांगतात. चिटणिसांनी मास्तरांना स्पष्ट कळवलं: व्याख्यान द्या, पण ते ऐकून कार्यकारिणी ठरवील की रविवारचा हॉल तुमच्या वर्गाला यापुढे द्यायचा की नाही. मास्तर घरी येऊन आईला हे सांगताना हसले. त्या संध्याकाळी मशीन वाजलं नाही.

माझं दुसरं पत्रक किशनपोल बाजारातल्या छापखान्यात छापून आलं. ‘गणपतीपुढे गोऱ्यांची गिटार?’ असा मथळा. खाली मी लिहिलं होतं की हे संगीत म्हणजे अफूची गुंगी आहे, हे मरगळलेले, लोळणारे सूर म्हणजे देशाच्या तरुणांना झोपवण्याचा डाव आहे. भाषा मला आजही पसंत आहे. मी एक प्रत मास्तरांना आधी नेऊन दिली. पाठीमागून वार करायची आमच्या मंचाची पद्धत नाही. त्यांनी वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. म्हणाले, "पहिल्यापेक्षा बरं आहे." मला काय वाटलं ते सांगत नाही.

व्याख्यानाचा दिवस. हॉल मोठ्या इस्पितळाच्या जवळ. आरती झाली, प्रसाद वाटला गेला. मी दारात उभी राहून पत्रकं वाटली, त्यामुळे खुर्चीखुर्चीवर लोक अफूच्या गुंगीबद्दल वाचत बसलेले. मास्तर आपलं मशीन रिक्षात मांडीवर घेऊन आले होते. हातात लिहून आणलेले कागद. ते म्हणाले की बोलण्याआधी एक गाणं ऐकवतो, कारण या पोरांचा संयम शब्दांत सांगण्यापेक्षा ऐकलेला बरा. आणि सुई ठेवली.

जे वाजलं ते कडुनिंबावरच्या खारी उधळल्यासारखं वाजलं. गिटारी खणखणीत, पोरांचे आवाज वर, हसरे, उड्या मारणारे. पुढे बसलेली पोरं टाळ्या पिटू लागली. मास्तरांनी पहिली ओळ संपायच्या आत सुई उचलली. तबकडी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली. "ही माझीच आहे ना?" असं त्यांनी मलाच विचारलं, कारण मी जवळ होते. मी हो म्हटलं. पुन्हा लावली. पुन्हा खारी.

मंडळात एक डॉक्टर होते, त्या इस्पितळातलेच. ते उठून मशीनजवळ आले, वरच्या दिव्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मास्तर, तुमच्या गल्लीत संध्याकाळी करंट अर्धा असतो. मशीन हळू फिरत असणार. इथे इस्पितळाची लाइन आहे, पुरा करंट. ती पोरं असंच गातात." मग माझ्याकडे वळून, हातातलं पत्रक वाचत, "आणि ताई, ही गुंगी जरा जोरातच आहे." हॉलभर हशा. पत्रक चुकीचं नव्हतं. करंट चुकीचा होता, आणि त्यावर मी आधीच लिहिलेलं होतं.

मास्तरांनी कागदांची घडी घातली. आवाज अगदी साधा. म्हणाले, "मी लिहून आणलंय ते वेगळ्याच गाण्यावर आहे. ते गाणं कुणी गायलेलंच नाही. हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या रविवारी बोलेन."

आता मात्र हशा वाढला. चिटणीस उभे राहिले. पुढच्या रविवारी हॉल मोकळा नाही, त्यांनी सांगितलं, आणि वर्गाबाबत कार्यकारिणीचा निर्णय आजच्या व्याख्यानावर व्हायचा होता, तो आजच होईल. मास्तर खाली मान घालून मशीनची वायर गुंडाळत होते. गुंडाळलेली सोडून पुन्हा गुंडाळत होते.

मला अन्याय दिसला की गप्प बसता येत नाही. तो कुणावर होतोय हे मग पाहता येतं. मी म्हटलं, "चिटणीससाहेब, इथलं एकमेव पत्रक त्यांच्याविरुद्ध आहे आणि ते माझं आहे. मला उत्तर त्यांच्याकडून हवंय. तुमच्याकडून नको." मंचाच्या मैत्रिणी माझा पदर ओढत होत्या. चिटणीस म्हणाले, हॉलचा नियम हॉलचा. तेव्हा डॉक्टर म्हणाले की हॉल राहू दे, माझ्या क्वार्टरचा व्हरांडा मोठा आहे आणि करंटही पुरा आहे. चिटणिसांना डॉक्टरांकडून रक्तदाबाचं औषध मिळत असे. निर्णय रविवारपर्यंत पुढे गेला.

तो आठवडा मास्तर रोज मशीन घेऊन डॉक्टरांकडे जात. डॉक्टरांच्या बायकोने आईजवळ तक्रार केली की बाई, हे गृहस्थ पहिला चहा आमच्या मोगऱ्याला घालतात. मी एकदा घरी त्यांना विचारलं, आता काय वाटतं? म्हणाले, "सहा महिने ज्यांना मी वडीलधारे समजत होतो ती पोरं निघाली. जरा वेळ दे."

रविवारी व्हरांड्यात हॉलमध्ये होती त्याहून जास्त माणसं जमली. थट्टा पाहायला येणाऱ्यांची संख्या नेहमी जास्तच असते. आमच्या सभांनाही तसंच. चिटणीस अगदी मागे, खांबाला टेकून. मास्तरांनी तबकडीची एक बाजू पूर्ण वाजवली. या वेळी पोरांना त्यांनी टाळ्या पिटू दिल्या. मग बोलले. मी ते तेव्हाच मनात धरलं, त्यामुळे बरंचसं जसंच्या तसं देते.

"मी या मुलांचा ठहराव वाखाणला होता. तो आपल्या वीजखात्याचा निघाला. त्याचं श्रेय ज्याचं त्याला देतो." लोक हसले, ते थांबले. "आता जे आहे ते सांगतो. ही मुलं घाईत आहेत. पहिली तबकडी त्यांनी जन्मभराच्या शिदोरीवर काढली असेल. नाव झालं, आणि मग गाडीत, हॉटेलात, दोन कार्यक्रमांच्या मध्ये ही दुसरी करावी लागली असेल. ऐकू येतं ते. दोन-तीन गाणी भरतीची आहेत. पण पाचव्या गाण्यात गिटारवाला एक जागा घेतो, आणि तीच जागा दुसऱ्या खेपेला घेताना थोडी वळवतो. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. नुसतं चाललेलं चालवलं असतं तरी खपलं असतं. माणूस त्या वळणात आहे. ती दमलेली नाहीत अजून. दमतील. पण या तबकडीत नाही."

मग ते माझ्याकडे वळले. "पुढारीणबाई, तुमच्या पत्रकाचं उत्तर. झोपवणारं यात काही नाही. बाकी इंग्रजीचं तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. मला एक शब्द कळलेला नाही."

चिटणीस मागून बोलले. "म्हणजे मास्तर, सहा महिने तुम्ही चुकीचं ऐकत होता, हे कबूल?"

"कबूल. साफ चुकीचं."

"आणि अशा माणसाच्या हाती पोरांचे कान द्यायचे?"

डॉक्टरांची बायको ताटातले पेढे वाटत होती, ती थांबली. मास्तरांनी आवाज चढवला नाही.

"चिटणीस, त्या दिवशी हॉलमध्ये सूर वर गेलाय हे पहिल्या ओळीत कुणाला कळलं? मी सुई उचलली तेव्हा तुमच्यापैकी कुणीही हसत नव्हतं. सगळे माना डोलवत होतात. डॉक्टरांनी कारण सांगितलं, पण चुकलंय हे मी आधी ऐकलं, आणि माझ्या हातात तेव्हा बारा पानं तयार होती. मला ती वाचता आली असती. कुणाला कळलंही नसतं." त्यांनी जरा श्वास घेतला. "पोरांना मी गवई करत नाही. सूर सुटला की थांबायचं, हात भरलेला असला तरी थांबायचं, एवढंच शिकवतो. वर्ग बंद करायचा तर करा. पण मला ऐकू येत नाही म्हणून करू नका."

कुणी टाळी वाजवली नाही. बदलीवाल्या माणसांना एकदम टाळी वाजवायची सवय नसते, आधी साहेबाकडे पाहतात. सगळे चिटणिसांकडे पाहत होते. चिटणीस खांब सोडून पुढे आले, खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली हॉलची किल्ली बराच वेळ नखाने सोडवली आणि मशीनशेजारी ठेवली. म्हणाले, कार्यकारिणीला मी कळवतो.

मास्तरांनी किल्ली उचलून परत त्यांच्या हातात दिली.

"मला कुलपं जमत नाहीत. दर रविवारी तुम्हीच येऊन उघडा. आणि उघडलंत की लगेच जाऊ नका, पुढे बसा. मागून तुम्हाला नीट ऐकू येत नाही."

चिटणीस आले. पुढच्या रविवारी आले, त्याच्या पुढच्याही. आमची पुन्हा बदली होऊन जयपूर सुटेपर्यंत ते येत होते. पहिल्या रांगेत, आठ-नऊ वर्षांच्या पोरींच्या शेजारी, पॅन्टची इस्त्री सांभाळत मांडी घालून. त्यांचा सा काही लागत नव्हता, आणि मास्तर त्यांना ते सगळ्या पोरींदेखत सांगत.